वकीलताईंना विचारा : जुनी शिक्षा आणि ‘यादीत नाव’

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच गोष्टीवर आहेत आणि बहुतेकांनी सोबत तोच एक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाठवलाय. मेसेज असा, ‘ज्यांना आयुष्यात कधीही लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झाली असेल त्यांनी तीन दिवसांत पोलीस ठाण्यात नाव नोंदवायचं, नाहीतर १० वर्षं तुरुंग, जुन्या केसेसनाही लागू, सर्वांना पाठवा.’ आता यातले तीन दिवस खरे आहेत, १० वर्षंही खरी आहेत, आणि जुन्या केसेसचं पण बऱ्यापैकी खरं आहे, फक्त हे सगळं अमेरिकेतलं आहे. कुणीतरी तिकडचा कायदा उचलला आणि आपल्याकडचा म्हणून लावून दिला, आणि इकडे माणसं घाबरून बसलीयत. काहींना उलट बरं वाटलंय की चला, आता कळेल तरी कोण कसा आहे ते. दोन्ही बाजूंची पत्रं घेतलीयत. नाव कुणाचंच छापत नाही, तालुक्यापलीकडे काही सांगत नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मालवण तालुक्यातून एक वाचक

‘ताई, माका एक विचारूचा आसा, पण कोणाक सांगू नकात.’ (पुढचं पत्र सगळं मालवणीतच आहे, बाकीच्या वाचकांसाठी साध्या मराठीत घालते.) ‘२००३ साली मला ३५४ कलमाखाली, म्हणजे विनयभंगात, तीन महिन्यांची शिक्षा झाली, ती मी भोगली. जत्रेत दारू पिऊन एका बाईचा हात धरला होता. केलं ते मी केलं, नाही म्हणत नाही. तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आता होडीवर जातो, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, बायको आहे, मुलगी दहावीला आहे. मेसेज आल्यापासून झोप नाही. ठाण्यात जाऊन नाव द्यायचं का? आणि गावच्या शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर हवाय, अर्ज करू का? मुलीला हे काही माहीत नाही.’

दादा, आधी झोपा शांत. तुम्हाला कुठेही जाऊन नाव नोंदवायचं नाहीये. शिक्षा भोगून सुटलेल्या माणसाने दरवर्षी ठाण्यात हजर व्हायचं, घर बदललं की कळवायचं, असा सरसकट कायदा भारतात नाहीच.

आपल्याकडे आहे ती गोष्ट वेगळी. २० सप्टेंबर २०१८ला केंद्रीय गृहखात्याने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू केला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे आपण ज्याला एनसीआरबी म्हणतो, तो सांभाळतो. सुरू झाला त्याच दिवशी त्यात ४ लाख ४० हजारांहून जास्त नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पोक्सो (म्हणजे लहान मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा), छेडछाड यांत दोषी ठरलेल्यांची नावं, पत्ते, फोटो, बोटांचे ठसे असं त्यात असतं आणि राज्यांच्या पोलिसांना २००५पासूनची माहिती भरायला सांगितलीय, म्हणजे जुन्या शिक्षा त्यात धरल्यायत. पण ती नोंद पोलीस करतात, सुटलेला माणूस नाही, आणि बघतात पण फक्त पोलीस नि तपास यंत्रणा. तुमचा शेजारी किंवा खोलीचं बुकिंग करणारा पुणेकर मोबाईलवर नाव टाकून बघू शकत नाही. तुमची शिक्षा २००३ची, म्हणजे त्या आधीची. म्हणून तुमचं नाव कुठेच नसेल असं मात्र समजू नका, ठाण्याच्या जुन्या दप्तरात ते असणारच.

एक अपवाद आहे तो सांगते, कारण हा बऱ्याच वकिलांनाही पटकन आठवत नाही. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३५६, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३९४. तीन वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या ठरावीक गुन्ह्यांत एकदा दोषी ठरलेला माणूस परत तसाच दोषी ठरला, तर शिक्षा सुनावतानाच कोर्ट सांगू शकतं की सुटल्यावर याने पत्ता आणि पत्त्यातला बदल कळवत राहायचा, जास्तीत जास्त पाच वर्षं. ते पण कोर्टाने हुकूम केला तरच, आणि दुसऱ्यांदा दोषी ठरला तरच. तुमच्या वेळी ३५४ची कमाल शिक्षाच दोन वर्षं होती आणि तुम्ही परत कधी कोर्टाची पायरी चढला नाहीत, त्यामुळे तुमचा याच्याशी संबंध येत नाही.

आता शाळेच्या गाडीचं. नको दादा. हे मी कायद्याच्या आधी माझं मत म्हणून सांगतेय. तुम्ही बदललात हे पत्रावरून कळतं, २२-२३ वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत, आणि पोटापाण्याला होडी आहे, खोल्या आहेत, तिथे कुणी तुम्हाला अडवणार नाही. पण मुलांच्या जागी जायचं तर ती जागा तुमच्या मनाच्या समाधानासाठी नसते. पोक्सोचे २०२०चे नियम ९ मार्च २०२०पासून लागू आहेत, त्यात मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने शिक्षक असो शिपाई असो, कायम असो कंत्राटी असो, सगळ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायची, आणि एकदाच नाही, ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा. तिथे तुमची केस वर येणार आणि ज्या गोष्टीला गाव विसरलंय ती शाळेच्या पटांगणात उघडी होणार. दुसऱ्या कुठल्या नोकरीचा फॉर्म भरताना ‘कधी शिक्षा झालीय का’ असा रकाना आला तर खरं लिहा. २०१६मध्ये सुप्रीम कोर्टाने अवतार सिंग केसमध्ये सांगितलंय की माहिती लपवणं हेच नोकरी जायला कारण होऊ शकतं, आणि खरं सांगितलं असेल तर गुन्हा कसला, किती जुना, हे बघून मालक निर्णय घेऊ शकतो.

मुलीचं तुम्ही विचारलं नाहीत पण पत्रात दोनदा तिचं नाव येतं. दहावी होऊ दे, मग तुम्हीच सांगा. जेटीवर कुणाच्या तोंडून तिने ऐकण्यापेक्षा ते बरं. आणि सांगताना ‘दारूच्या नशेत होतो’ हे वाक्य आधी घालू नका, त्या बाईचं काय झालं असेल ते आधी सांगा.

गुहागर तालुक्यातून एक वाचक

‘ताई, माझा मोठा भाऊ १९८०च्या आसपास अमेरिकेला गेला, तिकडचं नागरिकत्व घेतलं, न्यू जर्सीत राहतो. १९९२ साली त्याला तिथे अल्पवयीन मुलीच्या केसमध्ये शिक्षा झाली, १९९६ला सुटला. आम्ही गावात कुणाला सांगितलं नाही, आईला पण नाही. सुटून इतकी वर्षं झाली तरी दरवर्षी त्याला पोलिसात जाऊन नोंद करावी लागते. तो म्हणतो की गुन्हा केला तेव्हा हा कायदाच नव्हता. मग कसा लागू होतो? आई आता ८८ वर्षांची आहे, गणपतीला त्याला एकदा डोळ्यांनी बघायचंय म्हणते. येऊ शकेल का तो? आणि पुढे त्याला मुलाकडे पेनसिल्व्हेनियाला राहायला जायचंय.’

तुमच्या भावाचा प्रश्न तिकडच्या कोर्टांनी पण वीस-पंचवीस वर्षं चघळलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

न्यू जर्सीत १९९४च्या जुलैमध्ये सात वर्षांच्या एका मुलीवर समोरच्याच घरात राहणाऱ्या माणसाने अत्याचार करून तिला मारलं, त्याला आधी अशाच गुन्ह्यांत शिक्षा झालेली होती आणि शेजाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता. लोक खवळले, तीन महिन्यांत राज्याने कायदा केला, ३१ ऑक्टोबर १९९४, त्या मुलीच्या नावाने तो मेगन्स लॉ म्हणून ओळखला जातो. त्यात नोंदणी कुणाला, तर त्या तारखेनंतर दोषी ठरलेल्यांना, आणि शिवाय त्या तारखेला जे अशा गुन्ह्यात तुरुंगात किंवा पॅरोलवर किंवा प्रोबेशनवर होते त्यांनाही. तुमचा भाऊ १९९४ला आतच होता. म्हणून तो या जाळ्यात आला. १९९२ला सुटून पूर्ण मोकळा झाला असता तर गोष्ट कदाचित वेगळी असती.

गुन्ह्यानंतर आलेला कायदा मागच्या गुन्ह्याला कसा लागतो हे त्याचं म्हणणं साधं आणि रास्त वाटतं. आपल्या घटनेतही कलम २०मध्ये हेच आहे, गुन्हा केला तेव्हा जी शिक्षा होती त्याहून मोठी मागाहून देता येत नाही. अमेरिकेच्या घटनेतही तसंच आहे. पण २००३मध्ये अलास्काच्या केसमध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नोंदणी ही शिक्षाच नाही, लोकांच्या सुरक्षेसाठी केलेली व्यवस्था आहे, त्यामुळे ती जुन्या गुन्ह्यांना लावायला अडचण नाही. सगळं या एका शब्दावर टेकलंय, शिक्षा की व्यवस्था. मग २००६ला देशभरासाठी अ‍ॅडम वॉल्श कायदा आला, त्यात तीन पायऱ्या केल्या, १५ वर्षं, २५ वर्षं, आणि जन्मभर. वर्षातून एकदा, सहा महिन्यांनी, तीन महिन्यांनी अशी हजेरी. घर, नोकरी, नाव बदललं की तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायचं, आणि देशाच्या कायद्याखाली चुकलं तर १० वर्षांपर्यंत कैद. तुम्हाला आलेला मेसेज म्हणजे हेच. हा कायदा जुन्या शिक्षा झालेल्यांना लावायचा का हे त्या कायद्याने ॲटर्नी जनरलवर सोडलं, त्यांनी २००७मध्ये लावला, आणि असं सोपवणं बरोबर की चूक यावरची केस २०१९ला पाच विरुद्ध तीन मतांनी सरकारच्या बाजूने लागली.

पण राज्याराज्यात फरक आहे आणि तुमच्या भावाने नेमकं हे समजून घ्यायला हवं. पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च कोर्टाने २०१७ला उलटं सांगितलं, की आमच्याकडची नोंदणी इतकी जड झालीय की ती शिक्षाच आहे, जुन्या गुन्ह्यांना लावू नका. तर २०१८ला तिथल्या विधिमंडळाने जुन्या गुन्ह्यांसाठी वेगळा, जरा हलका भाग लिहिला आणि २०२०ला त्याच कोर्टाने तो भाग चालेल म्हटलं. त्यामुळे ‘जुनी केस आहे, तिकडे गेलो की सुटलो’ असं कुणी भावाला सांगत असेल तर ऐकू नका. राज्य बदलताना जुन्या राज्यात पण कळवायचं आणि नव्यात पण, आणि ते तिकडच्या वकिलाकडून लिहून घेऊन.

सुटकेचा रस्ता आहे का? न्यू जर्सीत आहे. शिक्षा होऊन किंवा सुटून, जे नंतरचं असेल तिथपासून १५ वर्षं दुसरा कुठलाही गुन्हा नाही, आणि दुसऱ्याच्या सुरक्षेला आता धोका नाही हे कोर्टाला पटलं, तर नोंदणी संपवायचा अर्ज करता येतो. भाऊ १९९६ला सुटला, म्हणजे २०११पासूनच तो अर्ज करू शकत असेल. पण एकाहून जास्त अशा गुन्ह्यांत दोषी असेल, किंवा काही ठरावीक गंभीर कलमं असतील, तर हा रस्ता बंद असू शकतो. त्याचं कलम कुठलं ते पत्रात नाही. त्याला विचारा, आणि इतक्या वर्षांत अर्ज का नाही केला ते पण विचारा. काही वेळा माणूस घरच्यांना अर्धंच सांगतो.

आता गणपतीचं. त्याला परदेशी जायच्या किमान २१ दिवस आधी तिकडे कळवावं लागेल, कुठे जाणार, कधी, कुठे उतरणार, सगळं. २०१६च्या कायद्याप्रमाणे ज्यांचा गुन्हा लहान मुलांविरुद्ध आहे आणि ज्यांची नोंदणी चालू आहे त्यांच्या पासपोर्टवर तसा शेरा छापतात. शेरा नसलेला जुना पासपोर्ट असेल तर तो रद्द होऊ शकतो, हे मुंबईच्या विमानतळावर कळण्यापेक्षा आधी तपासा. शिवाय अमेरिका ज्या देशात माणूस चाललाय त्या देशाला आधीच कळवू शकते. त्याला आत घ्यायचं का हे मग भारत सरकारच्या हातात. व्हिसा हा कुणाचा हक्क नसतो, आणि ओसीआय कार्डाचे (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) नियमही शिक्षा झालेल्यांसाठी २०२५मध्ये कडक झालेत. तेव्हा तिकीट काढायच्या आधी भारतीय वकिलातीकडे खरं सांगून अर्ज करायचा, फॉर्मवर ‘शिक्षा नाही’ अशी खूण अजिबात करायची नाही.

आता मी तुम्हाला एक विचारू? तुमच्या घरात गणपतीला भाचरं, नातवंडं सगळी एका माजघरात झोपतात ना. आईला त्याला भेटवा, जरूर भेटवा. पण घरातल्या लहान मुलांच्या आईबापांना तो यायच्या आधी सांगा. लपवून त्याला बोलावणं मला बरोबर वाटत नाही.

राजापूर तालुक्यातून एक वाचक

‘मॅडम, २००६ साली मी १४ वर्षांची होते. आमच्याच वाडीतल्या माणसाने माझ्यावर बलात्कार केला. त्याला १० वर्षं झाली. माझं लग्न झालं, मी रत्नागिरीला असते, आई गावी. तो सुटून आधी मुंबईला होता, दोन वर्षांपूर्वी गावी आला आणि आता घराच्या पडवीत चौथी-पाचवीच्या मुलांची शिकवणी घेतो. नवीन लोकांना माहीत नाही, जुने बोलत नाहीत. मी गेले की समोरच्या बांधावर येऊन उभा राहतो, बोलत काही नाही. तो मेसेज बघून मला वाटलं आता यादी लागेल आणि मला काही बोलायला लागणार नाही. खरंच अशी यादी नाही का?’

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नाही, तुम्हाला किंवा तुमच्या वाडीला बघता येईल अशी यादी आपल्याकडे नाही. पोलिसांच्या डेटाबेसमध्ये तो असायला हवा, २००५नंतरचा आहे म्हणून. पण पोलीस घरोघरी जाऊन सांगत नाहीत.

तरी तुम्हाला ‘काही करता येत नाही’ असं कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. पोक्सोचं कलम १९ बघा. लोकांना वाटतं की काहीतरी घडल्यावरच पोलिसात जायचं. तसं नाहीये. ‘असा गुन्हा घडण्याची शक्यता आहे’ अशी भीती वाटली तरी कुणीही माणूस पोलिसांना कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला त्याबद्दल दिवाणी-फौजदारी कुठलाच त्रास होऊ नये असं त्याच कलमात लिहिलंय. मुलांच्या अशाच गुन्ह्यात शिक्षा भोगलेला माणूस बंद पडवीत मुलांची शिकवणी घेतो ही भीती वाटायला पुरेशी गोष्ट आहे. शिवाय वर सांगितलेली पोलीस पडताळणी, ती शाळा, पाळणाघर, खेळाच्या अकादमी आणि मुलांसाठीच्या इतर सोयी सगळ्यांना आहे. शिकवणी त्यात येते असंच मी म्हणेन, आणि तसंच अर्जात लिहा.

अर्ज दोन ठिकाणी द्या, पोलीस ठाण्यात आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात. जायला नको वाटत असेल तर १०९८ला फोन करा, ती मुलांची हेल्पलाईन आहे. अर्जात तुमची गोष्ट परत पहिल्यापासून सांगायची गरज नाही, केस नंबर, कोर्ट, निकालाचं साल एवढं पुरे, निकालाची प्रत नसेल तर कोर्टातून नक्कल मिळते. तुमचं नाव कुणी बाहेर फोडलं, छापलं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. तुमचं नाव उघड करायचं का हे फक्त तुम्ही ठरवू शकता, तेही लेखी. आईने नाही, नवऱ्याने नाही, सरपंचाने तर नाहीच.

बांधावर उभं राहणं. एकदा उभा राहिला तर तो म्हणेल माझी जमीन आहे. पण तुम्ही गेलात की प्रत्येक वेळी येतो, तर तारीख, वेळ, कोण सोबत होतं हे वहीत लिहून ठेवा, मोबाईलवर फोटो घ्या. तुमची इच्छा नाही हे स्पष्ट असताना पाठलाग करणं, पुन्हा पुन्हा संपर्क करू बघणं हा त्याच संहितेच्या कलम ७८चा गुन्हा होतो. नुसतं उभं राहणं त्यात बसवायला पुरावा नीट लागेल, म्हणून वही. पोलिसांच्या प्रतिबंधक कारवाईत कार्यकारी दंडाधिकारी त्याच्याकडून चांगल्या वागणुकीचा बाँड पण घेऊ शकतात. तिथल्या तिथे भीती वाटली तर ११२. आणि वकिलाचा खर्च करू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे प्रत्येक बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, १९८७च्या कायद्याचं कलम १२. फोन १५१००.

शिक्षा भोगून आलेल्या माणसाला गावात राहायचा हक्क आहे, हे मी तुम्हालाही सांगणार, कारण खोटं सांगून तुम्हाला बरं वाटवणं मला जमणार नाही. त्याने शेती करावी, आंब्याची कलमं राखावीत, दुकान टाकावं. पण मुलांना शिकवायचा हक्क त्यात येत नाही. आणि तुम्हाला ‘जाऊ दे आता, एवढी वर्षं झाली’ म्हणणारे जे कोण असतील, त्यांच्या घरातलं एखादं पोर त्या पडवीत बसतं का ते विचारा.

दापोली तालुक्यातून एक खलाशी

‘२००९ला जहाजावर असताना इंग्लंडच्या बंदरात माझ्यावर केस झाली, चार महिन्यांची कैद झाली, मग परत पाठवलं. तिथे सांगितलं होतं की सात वर्षं रजिस्टरवर नाव राहील. आता नवीन कंपनीचं जहाज तिकडे जाणार आहे. परत नोंदवायचं का? पासपोर्ट पण रिन्यू करायचाय.’

सात वर्षं म्हणजे त्यांच्या २००३च्या कायद्यातली सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची मुदत, ती दोषी ठरल्याच्या तारखेपासून मोजतात, २०१६ला संपली. परत नोंद नाही. तिथे ३० महिने किंवा जास्त कैद झालेल्यांची नोंद बेमुदत असायची, त्यावर २०१०ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कधीच फेरविचार नाही हे मानवी हक्कांत बसत नाही, मग २०१२पासून त्यांनाही १५ वर्षांनी अर्ज करता येतो. तुम्हाला त्याची गरज नाही. पण नोंद संपणं वेगळं आणि त्या देशात पाय ठेवू देणं वेगळं. त्यांच्याकडे शिक्षा दिसणारच, त्यामुळे कंपनीला आधी सांगा, किनाऱ्यावर उतरू दिलं नाही तर कॅप्टनला ते आयत्या वेळी कळायला नको. पासपोर्टचं म्हणाल तर आपल्या १९६७च्या कायद्यात नैतिक अधःपतनाचा गुन्हा, किमान दोन वर्षांची शिक्षा, भारतातल्या कोर्टाने दिलेली, अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांतली, असं सगळं जुळलं तर नकार देतात. तुमची शिक्षा चार महिन्यांची, तिकडच्या कोर्टाची आणि जुनी, म्हणजे तुमचं हे जुळत नाही. फॉर्म नीट वाचून खरं भरा, बस.

श्रीवर्धन तालुक्यातून एका मंडळाचे कार्यकर्ते

‘आमच्या मंडळाने ठरवलंय की पंचक्रोशीत ज्यांना अशा केसेसमध्ये शिक्षा झाल्यात त्यांची नावं शोधून देवळाजवळच्या बोर्डावर लावायची, शिमग्याआधी. कोर्टाचे निकाल तर पब्लिक असतात, मग काय हरकत?’

हरकत आहे, आणि मोठी आहे. पोरांनो, तुमचा हेतू वाईट नाही हे मला कळतं. पण एनसीआरबीचे आकडे दरवर्षी एकच सांगतात, बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचा असतो. काका, मामा, शेजारी, शिकवणारा. तुमच्या पंचक्रोशीत बोर्डावर ‘अमुक तमुक’ लिहिलंत की संध्याकाळपर्यंत एसटी स्टँडवर सगळ्यांना कळणार की मग ती मुलगी कोण. ती आज कुणाची तरी सून असेल. तिचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत तरी ओळख तुम्ही फोडलीत, आणि वरच्या पत्रात सांगितलेलं कलम ७२ तुमच्यावर लागेल. कुणी अपिलात सुटलेला असेल, नावात नाव गुंतून दुसऱ्याच्याच घरावर दगड पडतील. आणि ज्याचं नाव कधी कोर्टात गेलंच नाही तो बोर्डासमोर उभा राहून सगळ्यात मोठ्याने बोलेल.

शिमग्याआधी काही करायचंच असेल तर गावात ग्राम बाल संरक्षण समिती आहे का बघा, कागदावर असेल तर तिची बैठक लावा, पोलीस पाटलांना बोलवा, तुमच्या मंडळाच्या कबड्डीच्या नि लेझीमच्या कोचची पोलीस पडताळणी आधी करून घ्या, स्वतःपासून सुरुवात. बोर्डावर १०९८ आणि ११२ मोठ्या अक्षरात लिहा, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर.

देवगड तालुक्यातून एक आई

‘माझ्या मुलाची २०१०ला बाल न्याय मंडळात केस झाली, तेव्हा तो सोळाचा होता. सहा महिने सुधारगृहात होता. आता ३१ वर्षांचा आहे, बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरताना रडत बसला की आता यादी येणार.’

आई, त्याला हे वाचायला द्या. बाल न्याय कायद्यात, २०००च्याही आणि आताच्या २०१५च्याही, लिहिलंय की मंडळाने दोषी धरलेल्या मुलाला त्यामुळे पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही आणि अपिलाची मुदत गेल्यावर ठरलेल्या काळाने ते कागद काढून टाकायचे असतात. आताच्या कायद्यात अपवाद आहे तो सोळा पूर्ण झालेल्या आणि अतिगंभीर गुन्ह्यात बाल न्यायालयाने मोठ्यांसारखा खटला चालवून दोषी धरलेल्यांचा, तो २०१५च्या कायद्यातला, तुमच्या मुलाची केस २०१०ची आणि मंडळापुढची. मंडळाच्या ऑफिसात एक साधा अर्ज देऊन कागद नष्ट झाल्याचं लेखी घ्या, आणि फॉर्मची शेवटची तारीख जाऊ देऊ नका.